वजन तेवढेच, रिपोर्ट नॉर्मल, तरी मूत्रपिंडाची काळजी का करायची?

माझी थोरली आत्या देवगड तालुक्यातल्या एका वाडीत एकटी राहते. तिचे वय ७२ आहे, उंची १५० सेंटिमीटर आहे आणि वजन गेली पंधराएक वर्षे ५४ किलोंच्या आसपास टिकून आहे, ही गोष्ट ती आल्यागेल्याला अभिमानाने सांगते. गेल्या मे महिन्यात मी तिच्याकडे गेलो तेव्हा तिने फडताळातून रक्ततपासणीचा कागद काढून माझ्या हातात दिला. क्रिएटिनिनसमोर १.१ असा आकडा होता, शेजारी ०.६ ते १.२ अशी मर्यादा छापलेली होती, आणि आकडा मर्यादेच्या आत असल्यामुळे प्रयोगशाळेतल्या माणसाने "किडनी नॉर्मल आहे, आजी" असे सांगून तिला परत पाठवले होते. मी मात्र कागदापेक्षा तिच्या हातांकडे पाहत होतो. पूर्वी मनगटावर घट्ट बसणाऱ्या बांगड्या आता हात वर केला की कोपरापर्यंत घसरत होत्या, आणि लुगड्याची गाठ मात्र पोटावर ताणलेली दिसत होती. पोटाच्या चरबीचा विषय मी काढताच ती म्हणाली, "माझा वजन तर वाढूक नाय, मगे चरबी खयसून इली?"

तिचा प्रश्न अगदी रास्त आहे. वय वाढते तसे शरीरातले स्नायू झिजत जातात. साधारण तिशीनंतर दर दहा वर्षांत ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. जेवढे स्नायू गेले जवळजवळ तेवढीच चरबी आली, तर वजनकाट्याला काहीच कळत नाही. पण गोष्ट इथे संपत नाही. क्रिएटिनिन हा स्नायूंमध्ये रोज तयार होणारा टाकाऊ पदार्थ आहे, म्हणून स्नायू कमी झाले की तो तयारही कमी होतो. मूत्रपिंडे तो पूर्वीपेक्षा कमी गाळत असली, तरी मुळात कमी तयार झाल्यामुळे रक्तातला आकडा ठीकच दिसतो. म्हातारपणी आपण ज्या दोन आकड्यांवर सर्वांत जास्त विश्वास ठेवतो, ते वजन आणि क्रिएटिनिन, झिजलेल्या स्नायूंमुळे एकाच वेळी फसवे होतात, आणि ज्या माणसाचे हातपाय काटकुळे व पोट मोठे आहे त्याच्या बाबतीत ही फसगत सर्वांत जास्त होते.

मूत्रपिंडाचे काम समजून घेण्यासाठी सोलकढीचा नारळाचा रस काढण्याची क्रिया डोळ्यांसमोर आणावी. वाटलेले खोबरे फडक्यात घालून पिळले की रस खाली उतरतो आणि चोथा वर राहतो. प्रत्येक मूत्रपिंडात अशी साधारण दहा लाख सूक्ष्म गाळणी असतात, ज्यांना नेफ्रॉन म्हणतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला जवळजवळ सगळा पुन्हा रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. रक्तातले अल्ब्युमिन नावाचे प्रथिन हा या उपमेतला चोथा आहे: ते वरच राहायला हवे. फडके फार जोराने पिळत राहिले तर वीण सैल पडते आणि चोथ्याचे कण रसात उतरू लागतात. त्याचप्रमाणे गाळण्यांवर वर्षानुवर्षे जास्त दाब राहिला तर अल्ब्युमिन लघवीत झिरपू लागते. फरक एवढाच की फडके बदलता येते, पण निकामी झालेला नेफ्रॉन पुन्हा तयार होत नाही.

गाळण्याचा हा वेग दर मिनिटाला किती मिलिलिटर आहे, हे ज्या आकड्याने सांगतात त्याला ईजीएफआर म्हणतात. तरुणपणी तो साधारण ९० ते १२० असतो आणि चाळिशीनंतर दरवर्षी सुमारे एकाने उतरत जातो. तो क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून सूत्राने काढतात, आणि तो काढल्यावर १.१ या निरुपद्रवी दिसणाऱ्या आकड्याचा अर्थ कसा बदलतो ते पाहण्यासारखे आहे. सध्या वापरात असलेल्या २०२१ च्या सूत्रात ३० वर्षांच्या पुरुषाचे क्रिएटिनिन १.१ घातले तर ईजीएफआर सुमारे ९३ येतो, आणि ७२ वर्षांच्या स्त्रीचे तेच १.१ घातले तर तो सुमारे ५३ येतो. ईजीएफआर ६० च्या खाली तीन महिने किंवा अधिक काळ राहिला तर त्याला दीर्घकालीन मूत्रपिंड विकार म्हणतात. म्हणजे ज्या कागदावर एकही ठळक अक्षर नव्हते, त्याच कागदात आत्याच्या आजाराची शक्यता लिहिलेली होती. अनेक प्रयोगशाळा आता ईजीएफआर छापतात. जिथे छापत नाहीत तिथे तो डॉक्टरांकडून मुद्दाम काढून घ्यावा. आणि तरीही हे लक्षात ठेवावे की सूत्राला आत्याचे वय कळते, पण तिच्या दंडावर किती स्नायू उरले आहेत ते कळत नाही, त्यामुळे फार वाळलेल्या माणसाची खरी स्थिती ५३ पेक्षाही खाली असू शकते. अशा वेळी सिस्टॅटिन-सी ही रक्ततपासणी उपयोगी पडते, कारण रक्तातले सिस्टॅटिन-सीचे प्रमाण स्नायूंवर फारसे अवलंबून नसते. ती महाग आहे आणि तालुक्याच्या ठिकाणी सहज होत नाही, म्हणून सरसकट सर्वांना तिची गरज आहे असे मी म्हणणार नाही.

आता चरबीकडे वळू. आपल्याकडे माणूस जाड झाला की "तब्येत सुधारली" म्हणतात आणि बारीक माणसाला चरबीचा आजार होईल असे कोणाच्या मनातही येत नाही. या समजुतीला सर्वांत चांगले उत्तर पुण्यातूनच मिळाले आहे. केईएम रुग्णालयातले संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनमधले सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंची आणि वजन यांवरून निघणारा बीएमआय दोघांचाही २२.३ होता, पण शरीरातल्या चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के निघाले. भारतीय माणूस वरून सडपातळ दिसूनही आतून चरबीचा असू शकतो, हे इतक्या प्रामाणिकपणे, स्वतःचे शरीर पुढे करून क्वचितच कोणी दाखवले असेल. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआयच्या मर्यादा खाली आणल्या आहेत: २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून स्थूलता मानली जाते.

शिवाय चरबी कुठे आहे याला ती किती आहे याहून जास्त महत्त्व आहे. मांड्यांवरची आणि कातडीखालची चरबी तुलनेने शांत असते. पोटाच्या पोकळीत आतड्यांभोवती, यकृतात आणि खुद्द मूत्रपिंडांभोवती साठणारी चरबी तशी नसते. मूत्रपिंडाभोवती थोडी चरबी जन्मापासून गादीसारखी असते आणि ती हवीच; पण ही गादी जाड होत गेली आणि रक्तवाहिन्या जिथून मूत्रपिंडात शिरतात त्या खोबणीतही चरबी भरली, की ते नाजूक इंद्रिय बाहेरून दाबले जाते. आत रक्त नीट फिरत नाही असे वाटून मूत्रपिंड रक्तदाब वाढवणारी संप्रेरके सोडते आणि मीठ धरून ठेवते. रक्तदाब वाढला की तोच दाब परत गाळण्यांवर येतो. दुसरीकडे, पोटातल्या चरबीमुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो, गाळणीत रक्त आणणारी वाहिनी रुंदावते, आणि प्रत्येक गाळणी क्षमतेपेक्षा जास्त काम करू लागते. या काळात ईजीएफआर कमी होण्याऐवजी काही जणांत वाढलेला दिसतो, आणि तो चांगला आकडा पाहून माणूस निश्चिंत होतो. पण ताणाखाली गाळणी आकाराने फुगते, तिला बाहेरून बोटांसारखा आधार देणाऱ्या पोडोसाइट नावाच्या पेशींना वाढलेला पृष्ठभाग झाकता येत नाही, त्या गळून पडतात आणि त्यांच्या जागी नव्या पेशी जवळजवळ येत नाहीत. त्या रिकाम्या जागेतून अल्ब्युमिन पाझरते. चरबीच्या पेशी दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात सोडतात, ती या सगळ्यात भर घालतात. म्हणजे मधुमेह आणि रक्तदाब हे चरबीपासून मूत्रपिंडापर्यंतचे दोन हमरस्ते असले, तरी आडवाटाही आहेत, आणि साखर नॉर्मल असलेल्या माणसाचे नुकसान त्या आडवाटांनी होऊ शकते.

हे केवळ तर्काने मांडलेले नाही. २०१९ साली सुमारे ४० देशांतल्या ५० लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून केलेला अभ्यास 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात बीएमआय २५ असलेल्यांच्या तुलनेत ३५ असलेल्यांमध्ये मूत्रपिंडाचे कार्य मोठ्या प्रमाणात घटण्याचा धोका सुमारे १.७ पट आढळला, आणि कमरेचा घेर व घेराचे उंचीशी असलेले प्रमाण यांचाही तसाच संबंध दिसला.

आमच्या किनाऱ्यावर हे आज जास्त का दिसते, याचा मी बराच विचार केला आहे. आत्याने उभे आयुष्य विहिरीचे पाणी ओढले, लावणीच्या दिवसांत कमरेत वाकून चिखलात काम केले, जांभ्याच्या पायऱ्या डोक्यावर भारा घेऊन चढल्या. आता विहिरीवर पंप आहे, वाटण मिक्सरवर होते, शेत पडीक आहे आणि रिक्षा खळ्यापर्यंत येते. यातले काहीही वाईट नाही. तिने पुरेसे कष्ट केले आहेत. पण जेवण मात्र त्या कष्टांच्या हिशेबाचेच राहिले. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात, रात्री भात, आणि मधल्या वेळी चहाबरोबर बटर किंवा खारी. माणसे मुंबईला गेल्यावर एकटीसाठी मासे कोण साफ करणार, म्हणून ताजे मासे आठवड्यातून एखाद्या वेळी येतात आणि बाकीचे दिवस सुकट किंवा खाऱ्या बांगड्याच्या एका तुकड्यावर भात निघतो. मासळीच्या गावात राहून म्हाताऱ्या माणसाच्या ताटात प्रथिने कमी आणि मीठ व पिष्ट जास्त, ही स्थिती मला अतिशय दुःखदायक वाटते, कारण स्नायू झिजायला आणि पोट वाढायला याहून वेगळे काही लागत नाही.

यात गुडघेदुखीची भर पडते, आणि माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान इथे होते. शरीराचे एक किलो वजन वाढले तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर सुमारे चार किलोंचा जास्त भार येतो. गुडघा दुखला की बाजाराच्या दिवशी औषधाच्या दुकानातून डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची पट्टी येते. गाळणीत रक्त आणणारी वाहिनी उघडी ठेवणारे जे द्रव्य मूत्रपिंड स्वतः तयार करते, ते या गोळ्या अडवतात. तरुण, निरोगी माणसाला एखाद्या गोळीने काही होत नाही. पण ज्या वृद्ध माणसाला रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू आहे, शिवाय लघवी जास्त होण्याची गोळीही आहे, आणि जो मे महिन्याच्या उकाड्यात घामाघूम झाला आहे किंवा ज्याला जुलाब लागले आहेत, त्याचे मूत्रपिंड दुखण्याची, रक्तदाबाची आणि लघवीची अशा तीन गोळ्यांच्या मेळाने काही दिवसांत बंद पडू शकते. आत्याच्या उशाखाली दुखण्याच्या गोळ्यांची अशी अर्धी रिकामी पट्टी सापडली. गुडघा फारच दुखला तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्यावी किंवा वरून लावायचे मलम वापरावे, हा तुलनेने सुरक्षित मार्ग आहे. त्याच वेळी, रक्तदाबाची गोळी मूत्रपिंडाला घातक म्हणून स्वतःच्या मनाने बंद करणे ही उलट बाजूची तेवढीच मोठी चूक आहे, कारण एरवी तीच गोळी गाळण्यांवरचा दाब कमी करून त्यांचे रक्षण करते.

मग नेमके काय मोजावे? पहिली वस्तू शिंप्याची टेप. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर, टेप न आवळता घेर मोजावा. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा मानली आहे. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हाही एक सोपा आडाखा आहे. आत्याचा घेर ९२ भरला. दुसरी तपासणी लघवीतल्या अल्ब्युमिनची, जिला प्रयोगशाळेत एसीआर म्हणतात. ती सकाळच्या पहिल्या लघवीवर करणे उत्तम. प्रमाण एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी असावे. लघवीत बुडवायच्या साध्या पट्टीच्या तपासणीत सुरुवातीची थोडी गळती सुटून जाऊ शकते, म्हणून एसीआर असेच नाव घेऊन मागावे, आणि ताप किंवा लघवीचा संसर्ग असताना ती करू नये. माझ्या मते साठीपुढच्या ज्या माणसाला मधुमेह, रक्तदाब किंवा सुटलेले पोट आहे त्याने ही तपासणी वर्षातून एकदा करावीच. तिसरी गोष्ट घरच्या घरी पाहता येते. नडगीच्या हाडावर अंगठा काही सेकंद दाबून काढावा. खड्डा तसाच राहिला तर ती चरबी नसून साठलेले पाणी आहे. चार दिवसांत दोन किलो वजन वाढले तर तेही पाणीच असते. आपल्याकडे पाय सुजले की "वात आला" म्हणून तेल चोळतात, आणि त्यात मौल्यवान महिने निघून जातात.

उपायांत सर्वांत महत्त्वाचे हे की म्हाताऱ्या माणसाने उपाशी राहून वजन उतरवू नये. एक वेळचे जेवण सोडले की चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि ज्या खड्ड्यातून बाहेर यायचे तो आणखी खोल होतो. भात थोडा कमी करून ताटात मासे, अंडे किंवा कुळीथ-मूग वाढवणे हा आमच्याकडचा सोपा बदल आहे. मूत्रपिंड अधू झाल्यावर प्रथिने साधारणतः दर किलो वजनामागे दिवसाला ०.८ ग्रॅम ठेवतात, म्हणजे ५४ किलोंच्या माणसाला सुमारे ४३ ग्रॅम; मात्र माणूस फार अशक्त आणि स्नायू झिजलेला असेल तर डॉक्टर हे प्रमाण वाढवतात. बांगड्याच्या शंभर ग्रॅम मांसात सुमारे २० ग्रॅम आणि एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. एकट्या पेज-भातावर राहणाऱ्या माणसाला ४३ चा आकडा गाठणेही कठीण जाते, हे पाहिले की "किडनीसाठी प्रथिने बंद करा" असा सरसकट सल्ला किती घातक आहे ते कळते. मीठ दिवसाला एका सपाट चमच्याएवढे, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत ठेवावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात लोणचे, पापड व खारे मासे यांचे मीठ धरलेले आहे. सैंधव हेही मीठच आहे. कमी सोडियमचे म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते, ते अधू मूत्रपिंडाला नीट बाहेर टाकता येत नाही आणि रक्तात साठले की धोक्याचे असते, म्हणून विचारल्याशिवाय आणू नये. ज्यांचा आजार पुढे गेला आहे त्यांनी शहाळ्याच्या पाण्याबाबतही हीच काळजी घ्यावी. तांब्यावर तांब्या पाणी पिऊन मूत्रपिंड धुतले जात नाही. तहानेइतके आणि उन्हाळ्यात थोडे जास्त पाणी पुरते, आणि पायांवर सूज असेल तर पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

औषधांतही गेल्या काही वर्षांत खरी प्रगती झाली आहे. मूळची मधुमेहाची असलेली डापाग्लिफ्लोझिन ही गोळी मधुमेह नसलेल्या रुग्णांतही मूत्रपिंडाची घसरण मंद करते, हे २०२० च्या एका मोठ्या चाचणीत दिसले, आणि ती आज भारतात स्वस्त मिळते. वजन उतरवणारे सेमाग्लुटाइड हे इंजेक्शन मधुमेह व मूत्रपिंड विकार दोन्ही असलेल्यांना दिल्यावर मूत्रपिंडाच्या गंभीर घटना आणि मूत्रपिंड किंवा हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू मिळून २४ टक्क्यांनी कमी झाले, असे २०२४ साली प्रसिद्ध झाले. पण त्या इंजेक्शनने भूक मरते आणि उतरलेल्या वजनात स्नायूंचाही वाटा असतो, त्यामुळे सत्तरीतल्या काटकुळ्या माणसाला ते देताना फार विचार करावा लागतो. वजनाबाबत आणखी एक सावधगिरी आहे: प्रयत्न न करता वजन उतरू लागले तर तो आनंदाचा विषय नाही, त्याची लगेच तपासणी व्हावी. डायलिसिसवर असलेल्या रुग्णांत तर थोडे जास्त वजन असलेलेच अधिक काळ जगताना दिसतात, म्हणून आजार कोणत्या टप्प्यावर आहे हे पाहिल्याशिवाय कोणालाही "बारीक व्हा" असे सांगता येत नाही.

आत्याचा एसीआर मे महिन्यात ८६ आला आणि गणपतीनंतर पुन्हा केला तेव्हा ८०, म्हणजे निदान पक्के झाले. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलली आणि उशाखालची पट्टी मी माझ्याबरोबर घेऊन आलो. शेजारची सून आता मासे आणताना तिच्यासाठीही दोन बांगडे साफ करून देते. खारा बांगडा तिने सोडलेला नाही, पण तो रात्रभर पाण्यात ठेवून, पाणी दोनदा बदलून, फक्त रविवारी खाते. रोज सकाळी आणि संध्याकाळी ती पडवीतल्या खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा व्यायाम करते. शिमग्याला गेलो तेव्हा वजन ५३, कमरेचा घेर ८८, एसीआर ५१ आणि ईजीएफआर ५२ होता. तो शेवटचा आकडा वर जाणार नाही, तो तिथे थांबवायचा आहे, हे मी तिला समजावून सांगितले. मे महिन्यात तिला हात न टेकता दोनदाच उठता आले होते. या वेळी तिने मला समोर उभे करून मोजायला लावले, आणि नऊ वेळा उठली.